काठी पाठवा, आकडा नको

माप

"काठी?" टेलरमास्तर एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या मशीनवर बसलेल्या त्यांच्या बायकोच्या हातून कॉलर वाकडी शिवली गेली. "काठी पाठवा म्हणतो! मला! काठी!"

"कोण म्हणतो?"

"हा धनुष्यवाला!" मास्तरांनी पत्र तिच्या नाकासमोर नाचवलं. "वाच. नाही, तू नको वाचूस, तुझा चष्मा घरी आहे. मीच वाचतो."

पत्र लाकडाच्या वखारीतल्या जुन्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

'धनुष्य करून देईन. तुमच्या ओढीचं माप पाहिजे. एक सरळ काठी घ्या. टोक छातीच्या मधल्या हाडावर टेकवा. दोन्ही तळवे काठीच्या दोन्ही बाजूंना लावून हात पुढे ताणा. बोटांची टोकं येतील तिथे काठी कापा आणि ती काठी मला पाठवा. आकडा पाठवू नका. आकडा पाठवणारे चुकतात.'

"मग बरोबर आहे की," बायको कॉलर उसवत म्हणाली. "फरशीच्या ब्रशचा जुना दांडा पडलाय मागे. पाठवून द्या."

"अगं, तुला यातला अपमान कळतोय का? डॉक्टरांना कुणी सांगतं का, ताप किती ते कपाळाला हात लावून कळवा, थर्मामीटर नको म्हणून?"

"डॉक्टरांनीच पाठवलंय ना तुम्हाला या धनुष्याच्या नादाला?"

ते खरं होतं. बत्तीस वर्षं मशीनवर वाकून मास्तरांच्या पाठीला बाक आला होता. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी, जे त्यांचे जुने गिऱ्हाईकही होते, बजावून सांगितलं होतं, "मास्तर, छाती उघडेल असा काहीतरी व्यायाम करा, नाहीतर दोन वर्षांत तुमचं प्रश्नचिन्ह होईल." ही बातमी सुनेमार्फत तिच्या वडिलांपर्यंत, म्हणजे मास्तरांच्या व्याह्यांपर्यंत पोचली. व्याही निवृत्त ग्रंथपाल. गिरणीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी दहा-अकरा माणसं जुन्या पद्धतीची लाकडी धनुष्यं घेऊन नेमबाजी करत, आणि व्याही त्या मंडळाचे चिटणीस होते.

पहिल्याच रविवारी व्याह्यांनी मास्तरांच्या हातात मंडळाचं धनुष्य दिलं, त्यांना दोरी ओढायला लावली आणि मान हलवली. "तुमचे हात लांब आहेत," ते कुजबुजले. "हे धनुष्य तुम्हाला होणार नाही. धनुष्यवाल्याचा पत्ता देतो, त्याला लिहा. प्रत्येकाची ओढ वेगळी असते. दोरी कानाखाली नेमक्या जागी यायला हवी. धनुष्य अंगावर बेतूनच घ्यावं लागतं."

अंगावर बेतून! हे ऐकून मास्तरांची पाठ औषधाशिवायच अर्धा इंच सरळ झाली. जगात एवढं एकच क्षेत्र होतं जिथे त्यांना कुणी काही शिकवू शकत नव्हतं. आंघोळ आणि झोप सोडली, तर टेप त्यांच्या गळ्यातून उतरत नसे. दुकान उघडलं त्या दिवशी त्यांच्या उस्तादांनी ती त्यांच्या गळ्यात घातली होती. तेव्हा ती पिवळीधमक होती, आता चहाच्या रंगाची झाली होती. दुकानाच्या पाटीवर आणि पत्राच्या कागदावर एकच ओळ छापलेली होती: 'मापात चूक नाही'.

आणि त्या माणसाला हा धनुष्यवाला सांगत होता, काठी पाठवा.

"धर हे टोक," मास्तर बायकोला म्हणाले आणि टेपचं पितळी टोक त्यांनी आपल्या छातीच्या हाडावर टेकवलं. दोन्ही हात पुढे ताणले. "हं. वाच."

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस आणि?"

"आणि दोन सूत."

"सूत विसरायचं नाही! इंचाचे आठ सूत असतात. काठीवर असतात का सूत?"

बायकोने दोन टाचण्या ओठांत धरल्या. शिंप्याच्या घरात टाचण्या ओठांत असल्या की बोलायचं नसतं.

बेतणं

धनुष्यवाल्याला लिहिलेल्या पत्राचा पहिला मसुदा:

'सप्रेम नमस्कार. आपलं काठीचं पत्र मिळालं. (खोडलं.) आपलं पत्र मिळालं. मी बत्तीस वर्षं माणसांची मापं घेतो आहे, काठ्यांची नाही. (खोडलं.) मी व्यवसायाने शिंपी आहे हे आपण वरच्या छापील मजकुरात वाचलंच असेल. वाचलं नसेल तर पुन्हा वाचा. (खोडलं.) आकडा पाठवणारे चुकतात असं आपण म्हणता. कोण चुकतात? नावं सांगा. (खोडलं, मग पुन्हा लिहिलं, मग पुन्हा खोडलं.)'

पाठवलेलं पत्र:

'सप्रेम नमस्कार. ओढ: अठ्ठावीस इंच, दोन सूत.'

आठ दिवसांनी उत्तर आलं.

'आकडा मिळाला. काठी मिळाली नाही. बरं. अठ्ठावीसचं करतो. त्यापुढे ओढू नका. बाणही त्याच मापाचे देतो. पैसे नकोत. कागदावर शिंपी छापलंय, तर थंडीसाठी एक कोट शिवून पाठवा. तुम्हाला आकडे आवडतात म्हणून आकडेच देतो. छाती चाळीस. खांदा अठरा. बाही पंचवीस. उंची तीस.'

"'बरं' म्हणजे काय?" मास्तर दिवसभर विचारत होते. बायकोला विचारलं, सुनेला विचारलं, बटण लावायला आलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं. "अठ्ठावीसचं करतो, इथवर समजलं. पण मध्ये हे 'बरं' कशाला? आणि दोन सूत कुठे गेले?"

"बाबा, 'बरं' म्हणजे बरं," सून म्हणाली. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि शाळा सुटल्यावर दुकानात डोकावून जायची. मास्तरांच्या पाठीला बाक आल्यापासून घरात सगळ्यांत उंच तीच. वरच्या फळीवरचे कापडाचे गठ्ठे तिच्याशिवाय कुणाच्या हाताला येत नसत.

"नाही, त्यात एक सूर आहे. 'बरं बाबा, तू म्हणशील तसं' असा सूर."

मास्तरांनी त्या एका शब्दाचा सूड कोटावर घेतला. असा कोट त्यांनी दहा वर्षांत शिवला नव्हता. राखाडी लोकर, आतून काळं अस्तर, खांद्याला तीन थर. प्रत्येक रेघ मारण्याआधी दोनदा टेप लावली. कोट हँगरवर चढला तेव्हा बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"जरा मोठा वाटतोय हो."

"वाटण्यावर दुकान चालत नाही. चाळीस म्हणजे चाळीस. लाव टेप."

तिने टेप लावली. चाळीस होते. ती आणखी काहीतरी म्हणणार होती, पण तिने परत टाचण्या ओठांत धरल्या आणि कोट घडी घालायला घेतला.

कच्चा टाका

कोट गेला. धनुष्य आलं.

ट्रायल

धनुष्य देखणं होतं, यात वाद नाही. मधासारखा रंग, मुठीला गुंडाळलेलं चामडं, टोकांना नखाएवढ्या खाचा. सोबत सहा बाण, आणि सातवा एक बोथट बाण, ज्यावर बारीक आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. तो कशाला होता हे मास्तरांनी पाहिलं नाही. पुडक्यात काही सूचना असतील तर त्या वाचायच्या नाहीत असं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मैदानावर अकरा माणसं जमली होती. मास्तर नवा पांढरा शर्ट घालून आले. गळ्यात टेप होतीच. व्याह्यांनी हातातली नोंदवही उघडली आणि तारीख घातली. ग्रंथालय सुटलं तरी वही सुटली नव्हती. ग्रंथालयात आयुष्य काढल्यामुळे व्याही कायम कुजबुजत बोलत. ते इतकं हळू बोलत, की ऐकायला लोक जवळ सरकत, आणि त्यामुळे त्यांनी केलेला अपमान नेहमी सगळ्यांनाच ऐकू जाई.

"ओढा," ते कुजबुजले.

मास्तरांनी बाण लावला, डावा हात ताणला, दोरी ओढली. ती येत होती, येत होती, अगदी लोण्यासारखी येत होती, आणि गालाच्या दोन बोटं अलीकडे एकदम थांबली. जणू आतून कुणीतरी दाराला कडी लावली.

"कानाखालपर्यंत," व्याही कुजबुजले.

मास्तरांनी जोर केला. धनुष्य करकरलं. त्यांनी आणखी जोर केला. दोरी कानाखाली पोचली, पण त्याच क्षणी बाणाचं टोक मुठीवरून आत घसरलं आणि बाण सरळ खाली मास्तरांच्या पायांमध्ये जाऊन पडला. दचकून त्यांनी दोरी सोडली, ती मनगटावर फाडकन बसली, आणि मास्तर गवतात बसले.

व्याही जवळ आले. मंडळीही जवळ आली.

"बाण," व्याही कुजबुजले, "पुढे जायला हवा."

"बाण आखूड आहे!" मास्तर बसूनच गरजले. "धनुष्य आखूड आहे! त्या माणसाला मोजता येत नाही! मी त्याला अठ्ठावीस इंच दोन सूत दिले होते, त्याने सव्वीस करून पाठवलंय!"

"तो माणूस चाळीस वर्षं धनुष्यं करतो. या मैदानावरची निम्मी त्याचीच आहेत. तुमचं माप चुकलं असेल."

मास्तर उठले. गवत झटकायचंही भान त्यांना राहिलं नाही. बत्तीस वर्षांत त्यांना कुणी उशीर झाला म्हणालं होतं, कापड आटलं म्हणालं होतं, एकाने तर काज उलट्या बाजूला केलं असंही सिद्ध केलं होतं. पण माप?

"ऐका," ते अकराही जणांकडे बघत म्हणाले. "या टेपमध्ये एका सुताचा जरी फरक निघाला, तर मी ती गळ्यातून उतरवीन. कायमची. आणि धनुष्यवाला चुकला असेल, तर तुम्ही सगळ्यांनी सही करून त्याला तसं कळवायचं."

"नोंद करतो," व्याही कुजबुजले, आणि त्यांनी खरंच केली. लाल शाईने. खाली मास्तरांची सही घेतली.

उसवण

मास्तरांनी त्याच दुपारी पत्र लिहिलं. या वेळी काही खोडलं नाही.

'तुमचं धनुष्य मला होत नाही. मी स्पष्ट आकडा दिला होता. आकडा वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. धनुष्यकार टेप वापरतात की नाही मला ठाऊक नाही. नसतील तर वापरायला लागावं. मापात चूक झाली की मेहनत कितीही करा, फुकट जाते. तुमच्या मेहनतीची मला कीव येते. सविस्तर खुलासा करावा.'

हे पत्र वाटेत असतानाच, तिकडून निघालेलं पत्र मास्तरांच्या दुकानात येऊन पडलं.

'कोट मिळाला. घातला. मग माझ्या भावाला म्हटलं तूही ये. दोघे मावलो. मी स्पष्ट आकडे दिले होते. शिंपी टेप वापरतात असं ऐकलं होतं. तुम्ही काय वापरता?'

मास्तर ते पत्र हातात धरून उभे राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या आधी गुलाबी झाल्या, मग लाल.

"हा माणूस," ते म्हणाले, "खोटारडा आहे. याचं धनुष्य आखूड, ते झाकायला माझा कोट मोठा म्हणतो. चोराच्या उलट्या... जाऊ दे. भाऊ आणलान मधे! याला भाऊ तरी आहे का?"

"बाबा," सून म्हणाली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो सातवा, बोथट बाण उलटसुलट बघत होती. "यावर इंच कोरलेत."

"कशावर?"

"या बाणावर. बघा, शेवटी आकडाही आहे. मापाचा बाण आहे हा. तुमची ओढ तपासून बघायला दिला असेल त्यांनी."

"उत्तम!" मास्तरांनी टेप ओढून काढली. "आण इकडे. आत्ता याच्याच हत्याराने याला पकडतो."

त्यांनी बाण बेतायच्या टेबलावर ठेवला, शेजारी टेप ठेवली, पितळी टोक बाणाच्या टोकाशी जुळवलं. बाणावर जिथे अठ्ठावीस कोरलं होतं, तिथे टेपवर सव्वीसच्या पुढे दोन सूत होते.

"बघितलंस?" मास्तर विजयाने म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? त्याचा इंचच लहान आहे! अगं, याचा इंचच खोटा आहे!"

सुनेने आपल्या पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि बाणाच्या शेजारी ठेवली. बारा इंचांना बारा इंच. मग तीच पट्टी टेपच्या शेजारी ठेवली. पट्टी बारा म्हणत होती. टेप म्हणत होती सव्वा अकरा.

"शाळेतली पट्टी," मास्तर म्हणाले. "तुमच्या शाळेत पोरांच्या प्रवेशापासून सगळ्यातच घोळ आहे."

"पोलादी आहे, बाबा."

"पोलाद थंडीत आकसतं."

"एवढं? पाऊण इंच?"

मास्तर बाहेर पडले आणि शेजारच्या सुताराचा मोजायचा पोलादी फीता मागून आणला. सुतार भला माणूस, कशाला ते विचारत नाही. त्याचा फीता बाणाशी जुळला. पट्टीशीही जुळला. टेपशी मात्र जुळला नाही.

टेबलावर चार वस्तू पडल्या होत्या. त्यातल्या तिघींचं एकमेकींशी पटत होतं.

"एकाच दिवशी तीन गोष्टी चुकाव्यात," मास्तर हळूच म्हणाले, "हे जरा जास्तच होतंय." पण आवाजात तो जोर राहिला नव्हता.

मागे मशीन थांबलं. बायकोने ओठांतल्या टाचण्या काढून गादीत टोचल्या, एक-एक करून.

"ताणलीय ती," ती म्हणाली. "कापडी टेप. बत्तीस वर्षं गळ्यात ओढली जातेय, घाम पितेय. ताणणारच."

"तुला... तुला कधीपासून माहीत आहे?"

"पडद्यांच्या वेळेपासून. तुम्ही खिडकी मोजून आकडा दिलात, मी तो बाजारात सांगून पडदे तयार आणले, तर ते वर राहिले. खिडकी उघडी पडली. नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं! आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

बायकोने पदराचं टोक सारखं केलं. "तुम्ही माझी कंबर तीस लिहीत होतात," ती म्हणाली. "मी कशाला बोलू?"

सून तोंडावर हात ठेवून बाहेरचा रस्ता बघायला लागली.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी टेप मांडीवर घेतली आणि अंगठ्याने तिचे आकडे एकेक करून चाचपले, जणू आजारी माणसाची नाडी बघावी तसे. त्यांच्या डोळ्यांसमोरून बत्तीस वर्षांचे शर्ट, पँटी, कोट रांगेने जायला लागले. आश्चर्य म्हणजे, धनुष्यवाल्याचा कोट सोडला, तर त्यातला एकही कुणाला सैल नव्हता. एकही घट्ट नव्हता. ज्या टेपने माणूस मोजला त्याच टेपने कापड कापलं. टेपला दोन्हीकडे सारखीच भूल पडली होती. कपडे सगळे खरे होते. खोटे होते ते फक्त वहीतले आकडे. आणि ते आकडे दुकानाबाहेर असे दोनदाच पडले होते. एकदा पडद्यांसाठी. एकदा धनुष्यासाठी. आणि बाहेरचा आकडा आत आला होता तो एकदाच, त्या कोटासाठी.

"हे कुणाला कळायला नको," ते शेवटी म्हणाले.

"मी काही बोलणार नाही, बाबा," सून म्हणाली. "पण पप्पांनी विचारलं, तर मला खोटं बोलता यायचं नाही."

"आणि नाही विचारलं तर?"

"लाल शाईने लिहिलंय त्यांनी. ते विचारणारच."

पुन्हा माप

मास्तरांनी शब्द पाळला. रागाने पाळला, पण पाळला. टेप गळ्यातून उतरवून, गुंडाळून, खडूच्या डब्यात ठेवली. गळा इतका उघडा वाटायला लागला की त्यांनी त्या दिवशी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग मागे जाऊन फरशीच्या ब्रशचा दांडा काढला, छातीच्या हाडावर टेकवला, हात ताणले, बायकोला खूण करायला लावली, सुताराकडून तो कापून घेतला आणि कापडात गुंडाळून पाठवून दिला. सोबत पत्र:

'काठी पाठवली आहे.'

यापेक्षा मोठी माफी त्यांनी आयुष्यात मागितली नव्हती. उत्तर आलं, तेही पावतीच्या पाठीवर:

'काठी मिळाली. तीस भरली. करतो. कोट ठेवून घेतला, आत दोन स्वेटर बसतात. पहिलं धनुष्य परत पाठवू नका, घरात कुणाला होतं का बघा.'

ते सुनेला झालं. अंगावर शिवल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी तिने मैदानावर पहिलाच बाण नेमाच्या फळ्यावर मारला आणि तिच्या वडिलांनी तो वहीत नोंदवला.

पण खरी गंमत, म्हणजे मास्तरांच्या दृष्टीने खरा अन्याय, दुकानात सुरू झाला. त्यांनी नवी टेप आणली होती. पांढरी, करकरीत, तीन ठिकाणी तपासून घेतलेली. तिचं पहिलं गिऱ्हाईक डॉक्टर.

"कंबर साडेअडतीस," मास्तरांनी वाचलं आणि वहीत लिहिलं.

"किती?"

"साडेअडतीस."

"मास्तर, माझी कंबर छत्तीस आहे. गेली वीस वर्षं छत्तीस आहे. तुमच्याच वहीत बघा."

"तेव्हा टेप ताणलेली होती, डॉक्टर. ही खरी आहे."

"मी रोज साठ लोकांना वजन कमी करा म्हणून सांगतो," डॉक्टर लाल होत म्हणाले, "आणि उदाहरण म्हणून स्वतःची कंबर दाखवतो. वीस वर्षं छत्तीस! आता काय सांगू त्यांना?"

"पोट आत घ्या, पुन्हा लावतो."

"पोट आतच आहे!"

डॉक्टर कापड शिवायला न टाकताच निघून गेले. दुपारी एक बाई आल्या, आकडा ऐकून मास्तरांच्या बायकोशी बोलायचं बंद करून गेल्या. संध्याकाळी एका नवरदेवाच्या आईने मास्तरांवर तिच्या मुलाला आठ दिवसांत जाड केल्याचा आरोप केला. चार दिवसांत गल्लीत असं पसरलं, की मास्तरांचा हात बिघडला. धनुष्याच्या नादाला लागल्यापासून बिघडला. बत्तीस वर्षं खोटी मापं देत होते तेव्हा त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. खरं माप दिलं आणि दुकान रिकामं झालं.

"हा काय न्याय आहे?" मास्तर रिकाम्या दुकानात बायकोला विचारायचे. "मी आता खरा आहे! आयुष्यात पहिल्यांदा मी सुतापर्यंत खरा आहे!"

"माझी किती भरते आता?" बायकोने एकदाच विचारलं.

मास्तरांनी नव्या टेपकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तुझी घ्यायची गरज नाही," ते म्हणाले. "तुझी मला पाठ आहे." गेल्या आठवड्याभरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं.

काजं-बटणं

पाचव्या दिवशी व्याही आले. हातात नोंदवही. मंडळाचा वार्षिक मेळावा जवळ आला होता आणि चिटणीस म्हणून त्यांना नवी पँट हवी होती, पण आधी कर्तव्य. त्यांनी वही टेबलावर उघडली आणि लाल ओळीवर बोट ठेवलं.

"मुलीला विचारलं मी," ते कुजबुजले. "टेपमध्ये फरक निघाला."

"निघाला," मास्तर म्हणाले. त्यांनी वरचं बटण काढून उघडा गळा दाखवला. "उतरवली. डब्यात आहे. झालं समाधान?"

"शब्द पाळलात," व्याही कुजबुजले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू उशीर झालेलं पुस्तक एखाद्याने दंडासकट परत आणून दिलं. "धनुष्यवाला बरोबर होता. मोजणं हे नम्र माणसाचं काम आहे, मास्तर. खरं जे असेल ते मान्य करावं लागतं. मग आकडा आवडो वा न आवडो."

"अगदी खरं," मास्तर म्हणाले. "उभे राहा सरळ."

त्यांनी नवी टेप व्याह्यांच्या कमरेभोवती घातली. सावकाश. पितळी टोक जुळवलं, वाकून आकडा बघितला, मग पुन्हा बघितला, कारण घाईत काही वाचायचं नाही असं आता त्यांनी ठरवलं होतं.

"बेचाळीस."

"किती?"

"बेचाळीस. बरोबर बेचाळीस. सूत सोडून दिले."

"बेचाळीस?" व्याही ओरडले.

चाळीस वर्षांत त्या माणसाचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. समोरच्या दुकानातले दोघे बाहेर आले. सुताराची करवत थांबली. दवाखान्याच्या दारात डॉक्टर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण दिसली.

"माझी एकोणचाळीस आहे!" व्याह्यांचा आवाज अजूनही मोठाच होता, त्यांना तो परत खाली कसा आणायचा हे माहीत नसावं. "निवृत्तीच्या सोहळ्याची पँट तुम्हीच शिवलीत! एकोणचाळीस लिहिलंय! ही कसली टेप आहे? कुठून आणलीत? ही टेप चुकीची आहे!"

"तीन ठिकाणी तपासलीय."

"तिन्ही ठिकाणं चुकीची आहेत!"

हे वाक्य मास्तरांच्या ओळखीचं होतं. त्यांनी नुसती वही आपल्याकडे ओढून लाल ओळ वाचली: 'एका सुताचा फरक निघाल्यास टेप कायमची उतरवीन.' खाली त्यांची सही.

व्याह्यांनी रस्त्याकडे बघितलं. लोक उभे होते. ते टेबलावरून पुढे वाकले आणि त्यांचा जुना आवाज परत आला. या वेळी तो इतका बारीक होता की तो ऐकायला मास्तरांनाही वाकावं लागलं.

"जुनी टेप आहे ना अजून?"

"डब्यात आहे. पण नोंद आहे तुमच्या वहीत. कायमची."

व्याह्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक छोटा रबरी शिक्का आणि शाईची डबी काढली. निवृत्तीच्या दिवशी ग्रंथालयातून आणलेली ही एकच वस्तू होती. शिक्का त्यांनी शाईत दाबला, नीट जुळवला आणि लाल ओळीवर मारला.

'परत जमा'.

मास्तरांनी खडूचा डबा उघडला, टेप काढली, झटकली आणि गळ्यात घातली. पाठ आपोआप सरळ झाली.

"हात वर करा," ते म्हणाले. "हं. एकोणचाळीस."

"आणि सूत?"

"सूत नाही. उलट अर्धा इंच कमीच भरतेय. बारीक झालात, व्याहीबुवा."

दाराबाहेर डॉक्टर रांगेत उभे राहिले होते.